दहा गाठींचा दोरा

राजक्का सिस्टरची गोष्ट मी आजवर तीन वेळा तोंडानं सांगितली. पहिल्यांदा पाण्याच्या टाकीपाशी बायांना सांगितली, ती जवळजवळ खरी सांगितली. दुसऱ्यांदा शाळेच्या ओट्यावर सांगितली, ती थोडी कमी खरी होती. तिसऱ्यांदा पाहुण्यांत सांगत होतो, तर मधेच माझ्या ध्यानात आलं की गोष्टीतला म्हातारा बराच शहाणा होऊन राहिला आहे. म्हणून आता कागदावर मांडतो. कागदावरचं मागून हलवता येत नाही. मी दुसरी शिकलेला, वांगी-मिरची लावून बाजारात विकणारा माणूस. नातीची, कोमलची, जुनी वही घेतली आहे. लिहिण्यातल्या चुका तीच काढेल. तिला तो हक्क आहे.

आमचं गाव तेलंगणात, आदिलाबादकडे, बाजारहत्नूरपासून आत. डांबरी सडक संपते तिथं मोहाचं एक झाड आहे, तिथं बस थांबते, आणि तिथून गाव अर्धा कोस. त्या झाडाखाली एके दिवशी एक बुटकी बाई उतरली. डोळ्याला जाड चष्मा, चष्म्याला मागून नाडी बांधलेली, हातात काळी छत्री, खांद्याला पिशवी. गळ्यात मंगळसूत्राच्या जोडीला दोरीत ओवलेला छोटा टॉर्च. गोदावरीच्या पलीकडची तेलुगू बाई. आमच्या उपकेंद्रावर नर्स म्हणून आली होती. नाव राजेश्वरी. बायांनी आठ दिवसांत तिची राजक्का केली.

छत्री ती बारा महिने बाळगायची. पावसात पावसासाठी, उन्हात उन्हासाठी, आणि हिवाळ्यात कुत्र्यांसाठी. चालायची अशी की मागच्यानं पळावं. आणि तिची एक सवय होती. माणूस भेटला की नमस्काराच्या आधी ती म्हणायची, "आ कर." लेकरू असो, लेकुरवाळी असो, टॉर्च गळ्यातून वर यायचा आणि ती वाकून तोंडात बघायची. पुढे पुढे असं झालं की ती नुसती दुरून दिसली तरी गल्लीतली पोरं ओळीनं जबडे उघडून उभी राहायची. मी ओसरीवरून ओरडायचो, "बैलबाजारातला दलाल बी इतकी तोंडं पाहत नसन हो सिस्टर!"

ती म्हणायची, "बैल बरा बापू. बैल लवकर तोंड उघडतो."

मला ती बापू म्हणायची. तिच्या मुलखात बापाला बापू म्हणतात, हे मला फार मागाहून कळलं.

मराठी ती बायांकडून शिकली, त्यामुळे बायांचीच बोलायची. सरपंचालासुद्धा म्हणायची, "काऊन रे बापा, गटार कवा काढते?" आणि बाई की पुरुष, हे तिच्या बोलण्यात कधी जमलंच नाही. "गोळी खाल्ला का?" "ताप उतरली का?" पोरं हसायची. ती पण हसायची आणि म्हणायची, "हसा, हसा. हसताना घसा चांगला दिसते."

भादव्याच्या शेवटाला तिच्या सणासाठी ती माळावरून तरवडाची पिवळी फुलं आणून थाळीत रचायची. पहिल्या वर्षी एकटीच थाळीभोवती टाळ्या वाजवत फिरली. तिसऱ्या वर्षी आमच्या बाया तिच्याभोवती फिरत होत्या, आणि माझी सून मंदा तेलुगू गाणं अर्धं खाऊन म्हणत होती.

आता माझं सांगतो.

आमच्या घरात अंगठा होता. म्हणजे असं, की लेकराचा घसा आला, गिळवेना झालं, की लोक म्हणत पडजीभ खाली आली. आणि पडजीभ उचलायला पंचक्रोशीतून आमच्या ओसरीवर येत. माझा आजा उचलायचा, बाप उचलायचा, मग मी. चुलीतली राख आणि मीठ अंगठ्याला लावायचं, लेकराचं डोकं गुडघ्यात धरायचं, आणि अंगठा आत घालून जोरात वर दाबायचं. लेकरू ओकायचं, रडायचं, थोडं रक्त यायचं. मी म्हणायचो, "खराब रक्त निघालं, आता पाय." दोन-चार दिवसांनी बहुतेकांचे घसे बरे व्हायचे. पैसा घेत नव्हतो. पैसा घेतला असता तर एवढा माज आला नसता.

सिस्टर पहिल्यांदा ओसरीवर आली तेव्हा माझ्या गुडघ्यात एक लेकरू होतं. मला वाटलं ही आता भांडणार. मी तयार होतो. ती छत्री टेकून उभी राहिली. माझं काम झालं, लेकराला आईनं उचललं, तेव्हा म्हणाली, "बापू, अंगठा दाखवा."

पाच-सहा बाया बसलेल्या. मी अंगठा पुढे केला, जसा कागदावर उठवायला करतात तसा. तिनं टॉर्च मारला. नखात माती होती, मी सकाळी वांग्याला खत दिलं होतं. तिनं पिशवीतून नेलकटर काढलं, माझा हात मांडीवर घेतला आणि नख कापायला लागली. नवरदेवाचं कापतात तसं, हळू हळू, कोपऱ्यापासून.

"आंगठ्याचं झालं," ती म्हणाली. "राखेचं पुढच्या वेळी बोलू."

बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी हात ओढून घ्यायला पाहिजे होता. घेतला नाही. पण त्या दिवसापासून मी तिच्याबद्दल मनात अढी धरली.

पुढच्या वेळी ती आली आणि मला म्हणाली, "बापू, आ करा."

"मी काय लेकरू हाय?"

"चाळीस वर्षं दुसऱ्याचं बघून राह्यले. स्वतःचं कवा बघितलं?"

मी तोंड मिटून बसलो. तिनं पिशवीतला तळहाताएवढा आरसा काढून माझ्याजवळ ठेवला आणि निघून गेली. दुपारी घरात कोणी नव्हतं तेव्हा मी दारात उजेडाला उभा राहून बघितलं. मधे लोंबत होती ती पडजीभ. आणि तिच्या दोन्ही अंगांना, आत भिंतीला लागून, बोराएवढ्या दोन गाठी. सिस्टर त्यांना टॉन्सिल म्हणायची. दुखणं त्या गाठींचं असायचं, आणि चाळीस वर्षं मी मधल्या लोंबत्या जिभेला दाबत होतो. आत काय आहे ते न बघता. आरसा दुसऱ्या दिवशी परत केला आणि म्हणालो, "पाह्यलं. काई नवं नाई."

गळ्याच्या बाबतीत तिचं एक शास्त्र होतं, आणि ते ती आमच्याच शब्दांत सांगायची. नाक गळत असेल, खोकला असेल, तर तो सर्दीचा घसा. त्याला मोठ्या औषधाचं काम नाही. कोमट पाणी, मिठाच्या गुळण्या, तापाची गोळी. पाच-सहा दिवसांत आपोआप जातो. "त्यालाच बापू दाबतात, आणि नाव कमावतात," असं ती तोंडावर म्हणायची. पण ताप जोराचा, खोकला नाही, गिळताना डोळ्यात पाणी, जबड्याखाली गाठी दुखतात आणि टॉन्सिलवर पांढरे पुवाचे ठिपके, असा घसा दिसला की तिचा चेहरा बदलायचा. त्या लेकराला ती मंडलाच्या, म्हणजे तालुक्याच्या, दवाखान्यात डॉक्टरला दाखवायची. डॉक्टर जंतू मारायची गोळी लिहून द्यायचे. दहा दिवस, सकाळ-संध्याकाळ.

गोची दहा दिवसांतच होती. तिसऱ्या दिवशी लेकरू खेळायला लागायचं, आणि आया गोळ्या फळीवर ठेवून द्यायच्या.

"कपाशीवर फवारा मारायला गेला," ती विचारायची, "आणि चार ओळी मारून अळी दिसेना, तर पंप घेऊन घरी येते का?"

"नाई येत."

"मंग लेकराच्या घशातून काऊन येते?"

तरी आया विसरत. मग तिनं दोरा काढला. शिंप्याकडून पांढऱ्या दोऱ्याचं रीळ आणलं. ज्या घरात दहा दिवसांच्या गोळ्या, त्या घराच्या चौकटीच्या खिळ्याला ती दहा गाठींचा दोरा लटकवायची. रोज संध्याकाळची गोळी दिली की एक गाठ सोडायची. अकराव्या दिवशी ती यायची, दोरा दोन बोटांत धरून वरून खाली ओढायची, डोळे मिटून. बोट कुठं अडलं नाही की म्हणायची, "सरळ." तो एक शब्द ऐकायला आया दारात उभ्या राहत.

पहिल्या पहिल्यांदा लोकांना तो गंडाच वाटला. एका आजीनं तर दोरा नातवाच्या गळ्यात बांधला आणि गोळ्या देवापुढे ठेवल्या. सिस्टर डोक्याला हात लावून बसली. मग आजीसमोर गोळी लेकराला चारली, आजीच्याच हातानं गाठ सोडवली आणि म्हणाली, "दोऱ्यात काही नाही अम्मा. दोऱ्यात फक्त तुमची आठवण आहे."

कापण्याच्या बाबतीतही तिचा हिशेब पक्का. किराणावाल्या गंगाधरच्या पोरीला, ऋतुजाला, एका वर्षात सात वेळा असा घसा आला. झोपेत ती घोरायची, मधेच श्वास अडकून दचकायची. सिस्टरच्या वहीत सातही तारखा लिहिलेल्या. मोठ्या डॉक्टरनं ऑपरेशन सांगितलं तर गंगाधर घाबरला. मीच त्याला घाबरवलं होतं, की टॉन्सिल काढली की पोरीचा आवाज जातो. सिस्टर स्वतः त्यांच्याबरोबर आदिलाबादला गेली. पंधरा-वीस दिवसांनी ती पोरगी दुकानातून मला हाक मारायला लागली, "आजोबाऽऽ, माहा आवाज येऊन राह्यला का?" सिस्टर तिथंच तिखट घेत उभी होती. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तोच तिचा मोठेपणा, आणि तोच मला झोंबायचा. आणि वर्षात दोनदा घसा आला म्हणून एक आई ऑपरेशनच्या मागे लागली, तर तिला म्हणाली, "कायला कापता? वय वाढलं की ती गाठ स्वतःच बारीक होते."

असं तिचं गावात बस्तान बसत गेलं. माझ्या ओसरीवर येणारी लेकरं कमी झाली. मी म्हणायचो, बरं झालं, कटकट गेली.

मग कोमलचा घसा आला.

ती तेव्हा तिसरीत होती. कापूस वेचणीचे दिवस, मुलगा आणि सून अंधार पडेपर्यंत रानात. पोरीला ताप, खोकला नाही, थुंकीसुद्धा गिळवेना. सिस्टरनं टॉर्च मारला आणि त्याच दिवशी तिला मंडलाला नेलं. दहा दिवसांच्या गोळ्या. दोरा आमच्या चौकटीला लागला. मंदा म्हणाली, "मामंजी, आमी तर घरी नसतो. गोळ्या तुमीच द्याल ना?"

"देतो की. माही नात हाय."

सिस्टर माझ्याकडे बघून म्हणाली, "बापू, दहा."

"मले दहा मोजता येते."

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. मी हात धुतला, हे खरं. राख-मीठ लावलं आणि पोरीची पडजीभ दाबली. ती लाथा झाडत रडली. तिला म्हणालो, कोणाला सांगू नको. तिसऱ्या दिवशी तिचा ताप उतरला. चौथ्या दिवशी ती अंगणात लंगडी घालत होती. मी ओसरीवर बसून बघत होतो आणि माझ्या मनात एकच होतं, की हे माझ्या अंगठ्यानं झालं, आणि नाव होणार त्या बाईच्या दोऱ्याचं.

चौथ्या दिवशी संध्याकाळची गोळी दिली. मग उरलेल्या सहा दिवसांच्या गोळ्या उकिरड्यात नेऊन टाकल्या आणि वर शेण ओढलं. मग चौकटीशी उभं राहून दोऱ्याच्या सहा गाठी एकामागून एक सोडल्या. घट्ट होत्या, नखं कापलेली, सुटेनात. दातानं सोडल्या. नंतर सुचलं की एवढ्यात सरळ दोरा सुनेच्या नजरेला पडेल, म्हणून सहा ढिल्या गाठी परत मारल्या आणि रोज एक सोडत गेलो. ही ढिल्या गाठींची गोष्ट मी टाकीपाशीही सांगितली नव्हती. आज लिहितो. कोणी म्हणेल म्हातारा विसरला असेल, राहून गेलं असेल. विसरलो नव्हतो. सहा दिवस रोज मेहनत घेतली.

अकराव्या दिवशी सिस्टर आली. डोळे मिटून दोरा बोटांतून ओढला. "सरळ," ती म्हणाली, आणि मग डोळे उघडून हसली. असं तिचं हसणं मी कधी बघितलं नव्हतं. तिला वाटलं, गावातलं सगळ्यात कठीण घर आज सरळ झालं. "बापू, तुमी केला!" असं म्हणून तिनं माझ्या पायाला हात लावला.

मी पाय मागे घेतला नाही.

त्यानंतर ती मला बरोबर घेऊन एका घरी गेली. त्या घरची शांताबाई पोराच्या गोळ्या मधेच बंद करायला निघाली होती. सिस्टर म्हणाली, "बापूंना विचारा." आणि मी, अंगठेवाला, मिशीवर हात फिरवून बोललो, "दहा म्हंजे दहा शांताबाई. म्या सोता दिल्या."

तीन आठवडे गेले असतील. एके सकाळी कोमलचा गुडघा सुजला. मला वाटलं पडली असेल. दोन दिवसांनी गुडघा बरा आणि घोटा सुजला. मग दुसऱ्या पायाचा. दुखणं पाहुण्यासारखं एका सांध्यातून दुसऱ्यात जात होतं. मी तेल चोळलं. मग तिला पुन्हा ताप भरला, आणि ओसरीच्या तीन पायऱ्या चढून ती बसली आणि कुत्र्यासारखी धापा टाकायला लागली. सिस्टरनं येऊन "आ कर" म्हटलं नाही. तिच्या छातीला कान लावला. कितीतरी वेळ लावून ठेवला. मग मंदाला म्हणाली, "अम्मा, कपडे घे. आताच निघायचं."

आदिलाबादच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरनं समजावून सांगितलं. पुवाच्या घशाचे जंतू पुरते मारले नाहीत, तर त्यांच्याशी लढणारी शरीराची ताकद कधी कधी चुकते आणि स्वतःच्याच सांध्यांवर, हृदयाच्या झडपांवर धावून जाते. मला ते समजलं. रानडुकरांवर सोडलेला कुत्रा पिसाळून आपल्याच वासराला फाडतो, तसं ते. सांधे बरे होतात. झडप होईलच असं नाही. कोमलची एक झडप तेव्हापासून गळते.

डॉक्टरनं तेलुगूत विचारलं, गोळ्या पूर्ण दिल्या होत्या का? माझ्याकडे बघून नव्हे, सिस्टरकडे बघून.

"पूर्ण दिल्या सर," ती म्हणाली. "दहा दिवस. मी स्वतः बघितलं."

मला तेलुगू कळतं. बाजारात आयुष्य गेलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत होतो. डॉक्टर म्हणाले, फार कमी वेळा गोळ्या पूर्ण देऊनही असं होतं. मी त्या 'फार कमी'त जाऊन लपलो आणि तीन वर्षं तिथून बाहेर आलो नाही.

गावात काय बोललं गेलं, ते ऐकायला मला लांब जावं लागलं नाही. शांताबाईच टाकीवर म्हणत होती, "दहाच्या दहा दिवस गोळ्या खाल्ल्या त पोरीचं काळीज बिघडलं. त्या गोळीतच काई असन बाप्पा." आया तिची गोळी घेईनात. दोरा दारात लावू देईनात. म्हणत, अपशकुनी आहे. आणि माझ्या ओसरीवर परत लेकरं यायला लागली. मी कोणाच्या घशाला हात लावला नाही. म्हणालो, हात दुखतो. का लावत नाही, हे मात्र सांगितलं नाही.

सिस्टर त्या काळात तीन वेळा माझ्याकडे आली. वही घेऊन यायची, ओसरीच्या पायरीवर बसायची, छत्री मांडीवर आडवी.

पहिल्यांदा विचारलं, "बापू, गोळी खाऊन तिनं उलटी केला होता का?"

"नाई."

दुसऱ्यांदा, "एखादा वेळ विसरला असेल. माणूस आहे. मी काही म्हणणार नाही."

"म्या विसरत नसतो."

तिसऱ्यांदा काही विचारलंच नाही. वहीचं तेच पान बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मग माझंच काही चुकलं. पोरीचं वजन चुकीचं लिहिलं असेल. नाही तर दोऱ्याचा उपाय खोटा." ती उठली आणि जाताना आमच्या चौकटीतला तो रिकामा खिळा तिनं बोटानं हलवून बघितला.

त्यानंतर तिनं कोणाच्या घरी दोरा बांधला नाही. रीळ उपकेंद्राच्या खिडकीत धूळ खात पडलं होतं. जाता-येता मला दिसायचं. लेकरांना ती अजून "आ कर" म्हणायची, पण आया पदराआड ओढून घ्यायच्या. दर एकवीस दिवसांनी कोमलला कमरेत इंजेक्शन लागतं, झडपेवर परत घाला येऊ नये म्हणून. मोठी होईपर्यंत, कदाचित त्याच्या पुढेही. ते दुखतं फार. सिस्टर दर वेळी आमच्याबरोबर मंडलाला यायची. कोमलचा हात धरायची आणि तिला तेलुगूत आकडे म्हणायला लावायची. दहा आला की सुई बाहेर. पोरगी "पदि" ओरडायची आणि मी बाहेर बाकावर बसून ते ऐकायचो.

गेल्या वर्षी तिची बदली झाली. आधीच्या गावाला निरोप देताना लोकांनी साडी-चोळी केली होती, असं तीच कधी तरी बोलली होती. आमच्या गावात मंदा आणि गंगाधरची बायको, दोघींनी ओटी भरली. बास.

त्या सकाळी मी मोहाच्या झाडाकडे निघालो. रात्रीच ठरवलं होतं, असं नाही. वांग्याला पाणी देत होतो आणि पाय तिकडे वळले. ती एकटी ट्रंकेवर बसली होती. चष्म्याची नाडी नवी होती. मला बघून म्हणाली, "बापू, बस येऊन राह्यला. बसा."

मी बसलो नाही. म्हणालो, "सिस्टर, कोमलच्या गोळ्या म्या उकिरड्यात टाकल्या."

तिनं विचारलं, "कवा?"

"चौथ्या दिवशी."

"दोरा?"

"दोरा म्या सोडला."

तिनं डाव्या हाताची पेरं अंगठ्यानं मोजली. सहा. मग बोटं तशीच धरून बसली. मला वाटलं आता शिव्या देईल, आणि मला त्या हव्या होत्या. ती म्हणाली, "मग गोळी बरोबर होता."

तिच्या त्या 'होता'ला गावानं इतकी वर्षं हसून घेतलं होतं.

"दोराही बरोबर होता," ती म्हणाली. स्वतःशीच. चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. "तीन वर्षं बापू. त्या तीन वर्षांत किती लेकरांना मी दोरा बांधला नाही. त्यांचं कोण मोजणार?"

मी हात जोडले. म्हणालो, "माफ करा सिस्टर. मले तुमाले सांगाचं होतं."

"मला सांगून काय बापू?" ती उठून उभी राहिली. "मी तर चालली. आयांना सांगा."

बस आली. मी ट्रंक उचलायला वाकलो तर तिनं हातानं थांबवलं आणि कंडक्टरला हाक मारली. चढताना मागे वळून बघितलं नाही. खिडकीपाशी बसली. शेजारी एक बाई होती, तिच्या खांद्यावर लेकरू मान टाकून पडलेलं. काच लावलेली होती, मला काही ऐकू आलं नाही. एवढंच दिसलं की सिस्टरनं गळ्यातला टॉर्च वर घेतला, त्या लेकराची हनुवटी दोन बोटांनी धरली, आणि तिचे ओठ गोल झाले. बस हलली. लेकरानं तोंड उघडलं होतं आणि ती वाकून आत बघत होती.